लोटाभर पाण्याची दाढी

चेन्नईत डॉ. राधाकृष्णन सालै हा रस्ता समुद्राकडे जाताना बकिंगहॅम कालवा ओलांडतो. तिथल्या पुलाचं मूळचं नाव हॅमिल्टन पूल. तमिळ जिभेला हॅमिल्टन जड गेला आणि त्याचा ‘अंबट्टन’ झाला. अंबट्टन म्हणजे न्हावी. पुढे कुणीतरी त्या तमिळ नावाचं इमानेइतबारे इंग्रजी केलं आणि पूल ‘बार्बर्स ब्रिज’ झाला. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या जुन्या कोशात हा किस्सा नोंदलेला आहे. आता पुलाला डॉ. आंबेडकरांचं नाव आहे. कुण्या हॅमिल्टनसाहेबाची अशी बिनपाण्याने हजामत करणारं हे शहर मला पहिल्या दिवसापासून आवडलं.

बिनपाण्याने हजामत. हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर वापरला. नोकरीत साहेबांनी माझी केली, मी हाताखालच्या पोरांची केली. त्यात ‘पाणी’ का आहे, याचा मात्र कधी विचार केला नव्हता. इंग्रजीत साबण-पाणी लावून केलेल्या दाढीला ‘वेट शेव्हिंग’ असं वेगळं नाव द्यावं लागतं. मराठीत तसं नाव नाही, कारण आपल्याकडे दाढी ओलीच असते. कोरडी करायची ती वैऱ्याची. म्हणजे माझ्या भाच्याने ही जी ऐंशी पानांची पुस्तिका लिहिली आहे, तिचं सगळं सार आपल्या पूर्वजांनी दोन शब्दांत सांगून ठेवलेलं आहे. हे मी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “मामा, मग प्रस्तावनेत तेवढंच लिहा.” तेवढ्यात भागलं असतं तर बरं झालं असतं.

पुस्तिका नवख्यांसाठी आहे. ज्याने आजवर फक्त प्लास्टिकचं, दोन-तीन किंवा पाच पात्यांचं रेझर वापरलं आहे आणि ज्याला आता एका सुट्या, दोन्ही बाजूंनी धार असलेल्या ब्लेडचं सेफ्टी रेझर हातात घ्यायचं आहे, त्याच्यासाठी. माझ्या वयाच्या वाचकांना यात नवं काय, असं वाटेल. आमच्या वडिलांनी दुसरं काही वापरलंच नाही. मीही विशीपासून तेच वापरत होतो. पुढे कधीतरी मुलीने वाढदिवसाला नवं रेझर दिलं, जुनं पितळी रेझर पोटमाळ्यावर गेलं आणि मी विसरलो. म्हणून सांगतो, या विषयात मीही नवखाच होतो. पोहायला एकदा आलं की विसरत नाही म्हणतात. दाढीचं तसं नाही.

२०१९ च्या जूनमध्ये चेन्नईचं पाणी संपलं. पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम या चारही तलावांचा तळ दिसू लागला. नळाला पाणी नाही, तण्णी लॉरी, म्हणजे पाण्याचा टँकर, कधी येईल सांगता येत नाही, गल्लीच्या तोंडाशी रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींची रांग. १२ जुलैला जोलारपेट्टैहून विल्लिवाक्कमला पाण्याची आगगाडी आली, पन्नास वाघिणींची, २५ लाख लिटरची. आयटी कंपन्यांनी पोरांना घरूनच काम करा म्हणून सांगितलं. भाचा तेव्हा वेळच्चेरीच्या एका उंच इमारतीत राहत होता. त्याच्या सोसायटीत पाणी दिवसातून अर्धा तास. तो लॅपटॉप आणि कपड्यांची बॅग घेऊन आमच्याकडे अंबत्तूरला आला, कारण आमच्या जुन्या घरामागे विहीर आहे आणि तिला थोडं पाणी होतं.

त्या दिवसांत आमच्या घरात पाण्याचं रेशनिंग बायकोकडे होतं. दाढीला एक लोटा, त्यावर थेंब नाही. भाच्याचं पाच पात्यांचं रेझर एका लोट्यात चालेना. दोन ओढींत पात्यांच्या मधल्या फटींत साबण आणि खुंट गच्च बसायचे. ते निघायला वाहता नळ लागतो. तो रेझर लोट्यात बुचकळायचा, बादलीच्या काठावर आपटायचा, शेवटी जुना टूथब्रश घेऊन त्याच्या फटी घासत बसायचा. तिसऱ्या दिवशी मी पोटमाळ्यावर चढलो.

ही फजिती फक्त त्याची नव्हती, हे पुढे त्यानेच शोधून काढलं. जिलेटने २००२ मध्ये भारतासाठी ‘व्हेक्टर’ नावाचं रेझर आणलं होतं. बाजारात आणण्यापूर्वी त्याची परीक्षा घेतली ती अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना ते पसंत पडलं. इथे मात्र तक्रारी आल्या, कारण विद्यार्थ्यांच्या बेसिनला नळ होता आणि इथले पुष्कळ लोक पाटावर बसून, पुढ्यात एक पेला पाणी ठेवून दाढी करत होते. मग कंपनीची माणसं इथल्या घराघरांत जाऊन बसली, दाढ्या बघितल्या आणि २०१० मध्ये ‘गार्ड’ आलं. त्याला एकच पातं होतं आणि ते पेलाभर पाण्यात धुतलं जात होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे कळायला आठ वर्षं लागली, ते आमच्या घरात तीन दिवसांत कळलं, याचं श्रेय बायकोच्या रेशनिंगला आहे.

पोटमाळ्यावरून काढलेलं सेफ्टी रेझर लोट्यात दोनदा हलवलं की स्वच्छ. फिरवायचं, दुसरी धार वापरायची, पुन्हा लोट्यात. पाणी उरायचं. पण पहिल्याच दिवशी भाच्याने हनुवटी कापून घेतली आणि ‘असं धरायचं असतं’ म्हणून दाखवायला गेलो तेव्हा मी वरचा ओठ. दोघेही गालांवर तुरटी फिरवत ओसरीवर बसलो होतो, ते दृश्य बायको अजून पाहुण्यांना सांगते.

चूक हाताची होती. प्लास्टिकच्या रेझरचं डोकं हलतं, दाबलं की तेच वळतं, आणि वर्षानुवर्षं दाबण्याची सवय मनगटात मुरते. सेफ्टी रेझरचं डोकं हलत नाही. ते धातूचं असतं, वजनदार असतं, आणि ते वजन हाच दाब. हाताने फक्त वाट दाखवायची. दांडा चेहऱ्यापासून इतका लांब ठेवायचा की पातं कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन करील. कोनमापक घेऊन बसू नका. रेझरचं टोपण गालाला टेकवा, दांडा हळूहळू खाली आणा, केस कापल्याचा बारीक खरखर आवाज आला की थांबा. तो आवाज नीट ऐकायचा असेल तर बाथरूममधला रेडिओ बंद ठेवावा लागतो. भाच्याने या भागाला चार आकृत्या दिल्या आहेत. आकृत्या चांगल्या आहेत, पण मला विचाराल तर आवाज पुरेसा आहे.

मी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. पोलाद कापणारं पोलाद हा माझा रोजचा विषय. तरीही एक कोडं मला कधी सुटलं नव्हतं. माणसाचा केस पोलादाच्या सुमारे पन्नासपट मऊ, मग ब्लेड बोथट होतं ते कशाने? २०२० मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर छापलं. धार हळूहळू झिजून गोल होते, हा समज अपुरा निघाला. धारेचे बारीक टवके उडतात. पोलादाची आतली रचना सगळीकडे सारखी नसते. केस सरळ उभा न राहता वाकला आणि अशा कमकुवत जागी आडवा घासला गेला की एवढासा केस पोलादाचा टवका उडवतो. म्हणजे वाकणारा, कडक, कोरडा केस ब्लेडचा शत्रू.

इथे पाणी येतं. केस पाणी पितो. दोन-तीन मिनिटं ओला राहिला की फुगतो, मऊ पडतो आणि कापायला फार कमी जोर लागतो. म्हणून अंघोळीनंतरची दाढी. म्हणून न्हावी आधी गालावर पाणी मारून बोटांनी चोळत राहतो. आपल्याला वाटतं गप्पा मारायला वेळ काढतोय. तो केसांना पाणी पाजत असतो. दाढी खरं म्हणजे पाणीच करतं, ब्लेड मागून येऊन कचरा उचलतं. या पुस्तिकेतलं तुम्हाला एकच प्रकरण वाचायचं असेल तर तिसरं वाचा, पाण्याचं. रेझर कुठलं घ्यावं याचं पहिलं प्रकरण वगळलं तरी चालेल. त्यातली निम्मी नावं चेन्नईत मिळत नाहीत, सांगलीसारख्या गावात तर नाहीतच.

पाण्याच्या प्रकरणात चेन्नईचा अनुभव उपयोगी पडला आहे. इथलं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. शाळेत आपण अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणायला शिकलो. परिभाषेतले शब्द रुक्ष असतात अशी तक्रार करणाऱ्यांनी हा शब्द बघावा. ज्या पाण्याचा फेस वाईट, ते दुष्फेन. दाढी करणाऱ्याला याहून अचूक शब्द सापडणार नाही. पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळतं, त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो, आणि ब्रश कितीही घुसळला तरी फेस दोन मिनिटांत बसून जातो. भाचा पहिले पंधरा दिवस साबणाला दोष देत होता. एकामागून एक तीन साबण बदलले. मग एके दिवशी सहज पिण्याच्या कॅनमधलं वाटीभर पाणी घेतलं आणि त्याच साबणाचा असा फेस आला की ताकावर लोणी यावं तसा ब्रशला धरून राहिला. बोअरच्या पाण्याने तोंड धुवा, हरकत नाही. फेसाला मात्र वाटीभर गोडं पाणी घ्या. मराठवाड्यात, सोलापूरकडे जिथे बोअरवर दिवस काढावे लागतात, तिथल्या वाचकांना हे एक वाक्य पुस्तिकेची किंमत वसूल करून देईल.

ब्रशांवर भाच्याने अकरा पानं लिहिली आहेत. डुकराचे केस, बिज्जूचे केस, कृत्रिम केस, गाठ किती मिलिमीटरची. माझ्या मते एक पान पुरलं असतं. पण त्याचं वय आहे. मीही त्याच्या वयात फाउंटन पेनांवर असाच पैसा उधळला.

इतिहासाचं प्रकरण त्याने आटोपतं ठेवलं, ते बरं केलं. किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याला १८९५ मध्ये फेकून देण्याजोग्या पात्याची कल्पना सुचली. इतक्या पातळ पत्र्याला धार धरवून दाखवली ती विल्यम निकरसन या अभियंत्याने. आमच्या धंद्यातल्या माणसाला खरा मान त्याचा वाटतो, पण खोक्यावर चित्र जिलेटचं छापलं गेलं. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा वर्षभरात ५१ रेझरं आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने शिपायांना ही रेझरं दिली आणि घरी परतलेल्या शिपायांनी सवय सोबत नेली. आपल्याकडे कोलकात्याच्या मल्होत्रांचं ‘टोपाझ’ आणि ‘भारत’, ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं ‘सुपरमॅक्स’, ही नावं वाण्याच्या दुकानात पुठ्ठ्याच्या कार्डावर लटकलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यातली काही अजून लटकतात. घरातून सेफ्टी रेझर गेलं तरी ब्लेड गेलं नाही, कारण न्हाव्याच्या हातातला आजचा वस्तरा म्हणजे एक पोकळ दांडी असते आणि तिच्यात याच ब्लेडचा अर्धा तुकडा बसतो. तुमच्यासमोर कागदासकट कडकन मोडतो तोच. तेव्हा भिऊ नका. हे ब्लेड तुमच्या गळ्यावरून शेकडो वेळा फिरलेलं आहे, फक्त हात दुसऱ्याचा होता.

त्या दुसऱ्या हाताबद्दल पुस्तिकेत काही नाही, म्हणून इथे लिहितो. तमिळमध्ये सलूनच्या पाटीवर ‘मुडि तिरुत्तुम निलैयम’ असं असतं. तिरुत्तणं म्हणजे दुरुस्त करणं, सुधारणं. लेखाची मुद्रितं तपासतात तेही तिरुत्तणंच. केसांचं संपादन करण्याची जागा! दाढीला तमिळ लोक सवरम म्हणतात, आपलं क्षौरच. असा सन्मानाचा शब्द पाटीवर असला तरी या व्यवसायाच्या वाट्याला सन्मान कमीच आला, तमिळनाडूत आणि महाराष्ट्रातही. आपल्याकडे संत सेनामहाराजांनी आरसा आणि चिमटा अभंगात नेऊन बसवला. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. पण वस्तऱ्याचा नकार दुसऱ्या बाजूनेही असे. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे की प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी मशीन विकत घेऊन आरशासमोर स्वतःच केस कापले. मागचे बिघडले. कोर्टातले मित्र हसले. गांधीजींनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही, त्याचं फळ मला मिळालं, असं त्यांनी म्हटलं आहे. स्वतःची दाढी स्वतः करणं हा आज छंद झाला आहे. गावोगावी अनेकांना ती कला छंद म्हणून शिकावी लागली नाही, दार बंद होतं म्हणून शिकावी लागली. महिन्यातून एकदा तरी न्हाव्याकडे जा, आणि त्याचा हात बघा. कातडी कशी ताणतो, कानाजवळ कसा वळतो, उलटा हात मारायच्या आधी पुन्हा साबण कसा लावतो. पुस्तिकेतल्या आकृत्यांपेक्षा ते जास्त शिकवील.

उलट्या हाताबद्दल भाच्याशी माझं जमत नाही. तो तीन फेऱ्या सांगतो: पहिली केसांच्या दिशेने, दुसरी आडवी, तिसरी उलट. लग्नाला जायचं असेल, गाल अगदी घोटून हवे असतील, तर ठीक. पण मे महिन्यात, अग्निनक्षत्राच्या कडक उन्हाळ्यात, चेन्नईत उलटा हात मारून घराबाहेर पडून बघा. घामातलं मीठ गळ्यावर असं चरचरतं की बस स्टॉपवर उभं राहवत नाही. केस कातडीखाली कापला जातो, आतच वळतो आणि पुटकुळी येते ती वेगळीच. पहिले दोन महिने नवख्याने पहिल्या फेरीवर थांबावं. थोडे खुंट राहतील. राहू देत. केस कुठे कोणत्या दिशेने वाढतात हे आधी दोन दिवस दाढी वाढवून, बोट फिरवून बघा. गळ्यावर तर ते भोवऱ्यासारखे फिरतात. माझे डाव्या बाजूला खालून वर वाढतात, हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं.

एवढा वाद सोडला तर पुस्तिका विश्वासाने हाती घ्यावी अशी आहे. मुलाने स्वतः कापून घेऊन लिहिली आहे. इंग्रजी शब्द ओरबाडून आणलेले नाहीत. फेसाला फेस म्हटलं आहे, खुंटाला खुंट. समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी ब्लेड कोरडं कसं ठेवावं यावर दीड पान आहे. इथल्या खाऱ्या हवेत साधं पोलादी ब्लेड एका रात्रीत गंजतं, हे समुद्राकाठच्या बेसंट नगरमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, पण रत्नागिरी-मालवणच्या वाचकालाही ते उपयोगी आहे. ब्लेड पुसायचं नाही, झटकायचं, हे त्यातलं मुख्य. पुसायला गेलात तर बोट कापेल आणि धारही जाईल. चार-पाच दाढ्यांनंतर बदला. चहाच्या पेल्याहून स्वस्त वस्तू आहे, तिच्यात काटकसर नको.

सुरुवात सुट्टीच्या दिवशी करा. घाईच्या सोमवारी नको. नवं ब्लेड उघडण्याआधी आणखी एक काम करा, हे मात्र माझ्याकडून. एक पत्र्याचा डबा घ्या, झाकण घट्ट बसवा, वर ब्लेड जाईल एवढी फट पाडा. वापरलेलं प्रत्येक ब्लेड त्यात टाका. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं तर ते कॉर्पोरेशनच्या माणसाच्या तळहातात जातं, कारण तो कचरा हाताने वेगळा करतो. आमच्या डब्यात २०१९ पासूनची दोघांचीही ब्लेडं आहेत. मूळचा कॉफीचा डबा, अर्ध्या किलोचा. अजून भरलेला नाही.